मोराचं पान

बहिरूने पट्टी सरकवून पुन्हा मोजलं, पण तिसरी ओवी काही केल्या चौकटीत बसेना.

चौकट आधीच काढून झाली होती. चारी बाजूंनी हिरवी वेल, कोपऱ्यांत लाल फुलं, सगळी पक्क्या शाईची. आत दोन ओव्या अशा ऐसपैस बसल्या होत्या की बघत राहावं. बहिरूचं अक्षर होतंच तसं. साऱ्या रिहे गावात त्याचं कौतुक होई, आणि त्या कौतुकानं स्वारी जरा चढलेलीही होती. शाळेच्या हस्तलिखिताचं संपादन, लेखन, सजावट, सगळं यंदा त्याच्याकडे. मुलांनी मजकूर आणून द्यायचा आणि बहिरूने एकट्याने तो सुरेख अक्षरात उतरवायचा, अशी पद्धत होती.

आठल्ये गुरुजींनी पुण्याच्या एका शाळेचा जुना अंक नमुन्याला आणून दिला होता आणि नियम अगदी पाठ करून घेतले होते. समास दोन बोटं. पहिल्या पानावर सरस्वती, तिच्या पाठोपाठ आश्रयदात्याचं पान. नवा लेख नेहमी उजव्या पानावर. आणि कविता चौकटीत, एकाच पानात.

“कवितेचं शेपूट पुढच्या पानावर गेलेलं मला चालायचं नाही,” गुरुजी म्हणाले होते. “आधी ओळी मोजायच्या, मग चौकट आखायची.”

बहिरूने आधी चौकट आखली. वेल काढायची घाई झाली होती ना!

ओव्या पिराजीच्या आईच्या होत्या. पिराजी बहिरूच्याच वर्गातला, खिंडीजवळच्या धनगरवाड्यावर राहणारा. चिठोऱ्यावर लिहून आणल्या आणि देताना म्हणाला होता, “आयेनं सोता रचल्यात. तीन लेकरांच्या तीन. ही माजी, ही ताईची, आन् ही शेवटली धाकलीची. धाकली ऱ्हायली न्हाई. पाळण्यातच गेली.”

जाड कोरा कागद आता एकच उरला होता. पानशेतचं धरण फुटून पुण्याच्या पेठांतल्या कागदाच्या दुकानांत पाणी शिरलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. कागद मिळवताना गुरुजींच्या नाकी नऊ आले होते. ‘चुकलंमाकलं तर असू दे’ म्हणून त्यांनी हा एक जादा दिला होता. चुकलं तर होतंच. नवी चौकट आखून, अक्षर जरा बारीक काढलं असतं तर तिन्ही ओव्या सहज मावल्या असत्या. पण त्या कागदावर बहिरूचा केव्हाचा डोळा होता. शाळेला पत्र्याचं छप्पर देणाऱ्या हैबतरावांचं पान त्याला फिकं वाटत होतं. ते नव्याने करायचं होतं, वर पिसारा फुलवलेला मोर काढून.

“दोन काय आन् तीन काय,” तो स्वतःशीच पुटपुटला. पिराजीच्या चिठोऱ्याला त्याने टाक पुसला, ते चुरगाळून खिडकीबाहेर टाकलं आणि कोरा कागद पुढे ओढला. नजर एकदा खिडकीकडे गेली, नाही असं नाही. पण मोराची मान जमत आली तसं तेही विसरायला झालं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी अंक वर्गात टेबलावर मांडला. हैबतराव आपल्या पानावर जाम खूष. चार लोकांत त्यांनी बहिरूची पाठ थोपटली, गुरुजींनी चष्मा काढून पुसला. बहिरूचे पाय दुपारपर्यंत जमिनीवर नव्हते.

दुपारी गर्दी पांगल्यावर पिराजी आईला घेऊन आला. भागूबाई मेंढरं शेजारणीच्या हवाली करून खिंड उतरून आली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. टेबलाशी आली आणि दोन्ही तळवे बहिरूपुढे धरले.

“हात धुऊन आलीया. लावू का?”

“लावा की मावशी,” बहिरू म्हणाला, आणि एकदम त्याला ती खिडकी आठवली.

पिराजीने पान काढून दिलं. त्याचे डोळे दोन्ही ओव्यांवरून झरझर उतरले आणि खालच्या हिरव्या वेलीवर येऊन थांबले.

भागूबाईला अक्षरओळख नव्हती. पण कळपातलं एक कोकरू कमी झालं तरी नजरेनं ओळखणारी बाई ती. तिने एका ओवीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग खाली वेलीवर चाचपलं.

“हितं तर दोनच हायेत. तिसरी कुटं हाय?”

‘मावशी, माजं चुकलं.’ एवढंच म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं ते.

“हाय की,” बहिरूच्या तोंडून निघून गेलं. “अलीकडच्या पानावर हाय.”

भागूबाई एकेक पान अलगद उलटत मागे मागे गेली. प्रत्येक पान अक्षरांनी गच्च भरलेलं. शेवटी ती मोराच्या पानाशी थांबली. निळा पिसारा, सोनेरी किनार, खाली मोजक्याच ओळी.

“ही व्हय?”

बहिरूने मान हलवली. ती कशी हलली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“व्हय रं पिराजी?”

पिराजीने पान वाचलं. हैबतरावांचं नाव लाल शाईत ठसठशीत होतं. त्याने बहिरूकडे पाहिलं, असं पाहिलं की बहिरूला वाटलं, आता ह्यानं थोबाडीत मारावी आणि एकदाचं संपवावं. मग पिराजीने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“व्हय, आये.”

“मंग वाच की बाबा,” ती बहिरूला म्हणाली. “तुज्या हातचं हाय, तूच वाच.”

बहिरूने ओवी आठवून पाहिली. एकदाच वाचली होती, तीही ओळी मोजायला. जांभळीचं झाड होतं त्यात, बाकी काही म्हणता काही आठवेना.

“लाजतंय लेकरू! बरं, मीच म्हन्ते. तू निस्तं बोट फिरव. तिचं नाव-गाव कुटं लिवलंय त्ये तरी दिसंल मला.”

बहिरूने पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. भागूबाई हलक्या आवाजात म्हणू लागली.

“खिंडीच्या वाटंला, कुनाची गं पावलं
जांभळीखाली माझ्या, तान्हीला म्या ठिवलं.”

पावलं आली तेव्हा बोट ‘श्रीमंत हैबतराव’ यांच्याखाली होतं. तान्ही आली तेव्हा ‘पत्र्याचे छप्पर’ चाललं होतं. ओवी संपली आणि बोट मध्येच अडलं. खाली अजून चार ओळी शिल्लक होत्या.

“आन् ह्ये खालचं?”

बहिरूने पिराजीकडे पाहिलं.

“त्येबी तिचंच हाय, आये,” पिराजी म्हणाला.

भागूबाईने तळवा पिसाऱ्यावर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“लई जागा दिलीस रं तिला,” ती म्हणाली. “आमी जांभळीखाली हातभरच दिली व्हती.”

मग तिने बहिरूच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्यापेक्षा चाबूक परवडला असता. ती डोळ्यांना पदर लावत दाराकडे वळली. पिराजी अंक मिटायला लागला, तर बहिरूचं बोट अजून त्या पानातच होतं.

“बोट काढ,” पिराजी त्याच्याकडे न बघता म्हणाला.