तिसऱ्या कप्प्यातला दाखला

मी अनुजाचा दाखला बोलतोय. नर्सिंगच्या नोंदणीचा, मूळ, शिक्क्यासकट. मोठ्यानं बोललो तरी चालतं, कपाट लोखंडी आहे. बाहेर मेट्रन पूर्णिमा मॅडमचं टेबल आहे, आणि कपाटातलं ऐकायची त्यांना सवय नाही.

छापून, सही होऊन मी पोस्टानं आजऱ्याला पोचलो. अनुजाचे वडील आकाराम तिथं काजूच्या कारखान्यात कामाला. त्यांनी मला देवापुढं ठेवलं, कोपऱ्याला कुंकू लावलं. मग कारखान्यात नेऊन सगळ्यांना लांबूनच दाखवलं, कारण टरफलाच्या तेलानं सगळ्यांची बोटं काळी. कुंकवाचा डाग अजून आहे. त्या घरात मी आठ दिवस राहिलो. उजेडातले माझे दिवस तेवढेच.

नवव्या दिवशी राजारामपुरीतल्या या दवाखान्यात अनुजा रुजू झाली. मॅडम म्हणाल्या, "मूळ कागद इथं राहतील. दोन वर्षांचा बॉण्ड आहे. सगळ्यांचेच असतात."

सगळ्यांचेच असतात, असं एकदा मोठ्या माणसानं म्हटलं की पुढं विचारायची सोय राहत नाही. आकारामनी तर हात जोडून सांगितलं, "पोरगी तुमच्या पदरात टाकली बघा." अहो, पोरगी नोकरीला लावत होता की दत्तक देत होता? पण हे कपाटातून सुचतं. तेव्हा मी पिशवीत होतो आणि गप्प होतो.

कपाटाच्या दाराला वर बारीक फटी आहेत. तेवढंच मला जग दिसतं: टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ. कप्प्यात आम्ही एकतीस जण. माझ्या खालच्या दाखल्याची मालकीण भांडून निघून गेली, ती आता याच भागात साडीच्या दुकानात घड्या घालते. तो दाखला काही बोलत नाही. पिवळा पडलाय.

माझ्याच फायलीत एक दिमाखदार शेजारी आहे, एका दिवसाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. विषय, चिडलेल्या रुग्णाशी कसं वागावं. शिकवायला स्वतः पूर्णिमा मॅडम होत्या. त्याच्या पाठीवर नियम छापलेत. सूर खाली ठेवा. वाद घालू नका. रुग्णानं हात उचलला तर बाजूला व्हा आणि वरिष्ठांना कळवा. सोनेरी किनार आहे त्याला. मला नाही.

बॉण्ड संपून दीड महिना झाला. अनुजाची सरकारी दवाखान्यात निवड झाली, सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते. ती रोज केबिनमध्ये यायची. "मॅडम, माझे कागद." मॅडम म्हणायच्या, "बघू. मोठ्या डॉक्टरांना विचारते." मोठे डॉक्टर तीनदा याच खुर्चीत चहा पिऊन गेले. विषय एकदाही निघाला नाही.

आणि मग गुरुवारी आण्णांचं झालं.

आण्णा म्हणजे गणपतराव, वय सत्तरच्या पुढं. साखरेनं पायाला जखम झाली म्हणून दाखल होते. पोरगा राजवीर, शिरोली एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप. बाप सिस्टरांना "ए पोरी" म्हणतो आणि पोरगा "ए मॅडम" म्हणतो, घराण्यात सुधारणा म्हणायची ती एवढीच.

अनुजानं मॅडमना उभ्याउभ्या सांगितलं, ते मी ऐकलं. सकाळची सुई द्यायची होती, आण्णा आधी पेढा मागत होते. ती म्हणाली, पेढा नको, आधी सुई. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. ती सूर खाली ठेवून म्हणाली, "आण्णा, हात सोडा. सोडल्याशिवाय सुई देणार न्हाय." सुटल्यावर बाजूला झाली, दुसऱ्या सिस्टरला बोलावलं, दहा मिनिटांत सुई दिली गेली, आणि ती वरिष्ठांना कळवायला इथं आली. सोनेरी किनारीतला एकेक नियम तिनं पाळला होता.

मॅडमनी तिच्या मनगटाकडं पाहिलं आणि विचारलं, "पण तू उलट कशाला बोललीस?"

संध्याकाळपर्यंत राजवीरची तक्रार आली: सिस्टरनं सुई द्यायला नकार दिला. निम्मं वाक्य ठेवलं, निम्मं गिळलं. शनिवारी आकारामना आजऱ्याहून बोलावून घेतलं. पोरगी पंचवीस वर्षांची, पगार तिचा, मनगट तिचं, आणि बोलवायचं बापाला.

आकाराम आले ते हातात काजूची पिशवी घेऊन. टेबलावर ठेवली. चाकाच्या खुर्चीतून आण्णांना आणलं, मागं राजवीर.

"गाव कुठलं म्हणायचं पावणं?" आण्णांनी विचारलं.

"आजऱ्याजवळच."

"आजऱ्याजवळ? माझी थोरली बहीण दिलीया की तिकडं."

मग पाच मिनिटं दोघं गावं मोजत बसले. अमक्याचा मेहुणा, तमक्याची सून, आणि कुठंतरी धागा जुळला. आकारामच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कुंकू लावलेल्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

"मग घरातलंच प्रकरण हाय की," ते म्हणाले. "अनू, आजोबा लागतात तुझं. पाया पड आणि मिटवून टाक."

इथंच सगळं फसलं. नातं निघेपर्यंत ती सिस्टर होती आणि तिचा हात पिरगाळणारा पेशंट होता. नातं निघालं आणि ती नुसती नात उरली. नातीचा कान आजोबानं पिळला तर तक्रार कोण लिहून घेतं?

मॅडमनी लिहून ठेवलेला कागद पुढं सरकवला. "एवढी सही कर. दाखला आत्ता काढून देते." किल्ली त्यांच्या हातात होती. खरं सांगतो, किल्लीचा आवाज ऐकून मी आतून हललो. दोन वर्षं.

अनुजानं वाचलं. "'रुग्णास सुई देण्यास मी नकार दिला, त्याबद्दल क्षमा मागते.' मॅडम, निम्मं वाक्य कुठं गेलं?"

"त्यानं काय फरक पडतो? फायलीतच राहणार आहे."

"फायलीतच राहतंय, म्हणूनच."

"लई शानपना हाय," राजवीर म्हणाला. "माझ्याकडं कामाला असतीस तर—"

"तर मशीननं बोट गेल्यावर तुमच्या माणसाला इथंच आणला असता, दादा. आणि पट्टी मीच केली असती."

"अनू," आकाराम हळू आवाजात म्हणाले. "सोमवार हाय. वाक. मोकळी हो."

आण्णांनी पाय पुढं केला. जखमेचाच पाय, पट्टीतला. अनुजा वाकली. खोलीत सगळ्यांचा श्वास सुटला, माझासुद्धा. लाज वाटते सांगायला.

ती बराच वेळ तशीच राहिली. पायाला हात लावला नाही. पट्टीकडं बघत होती.

"पट्टी ओली झालीया, आण्णा. आजच बदलून घ्या, उद्यावर टाकू नका." ती उभी राहिली. "सही न्हाय करत."

आण्णा पायाकडं बघत राहिले. मग त्यांनी तो हळूच मागं घेतला.

"आणि दाखला?" आकारामनी विचारलं.

"कागद दुसरा निघतो, आबा. यांनी दाबून ठेवलाय म्हणून पोलिसात लिहून द्यायचं, मग दुसरा मागायचा. सोमवारी झेरॉक्स दाखवू. न्हाय म्हटलं तर न्हाय."

ती गेली. आकारामनी टेबलावरची काजूची पिशवी उचलली, कुणालाही नमस्कार न करता, आणि तिच्या मागं निघाले.

मॅडमनी बिनसहीचा कागद माझ्यावर ठेवला, कपाटाला कुलूप घातलं.

आज मंगळवार आहे. सोमवारी काय झालं, मला माहीत नाही. इथं कुणी सांगत नाही. एवढं मात्र कळतं, दुसरा दाखला निघाला की मी रद्द होणार. मग मी नुसता डाग पडलेला कागद, खालच्या पिवळ्यासारखा.

तर होऊ दे. अनुजा, मला सोडवायला या केबिनमध्ये परत येऊ नकोस. इथं आलीस की हे तुला वाकायला सांगतील. अर्ज कर, दुसरा काढ. आणि तो आला की आबांना सांग, कुंकू लावा पाहिजे तर, पण कुणाच्या पदरात टाकू नका.