वळणावरचा पाय

मी इटलीतल्या तुरीन शहरातली, दोनच माणसांची, उघड्या टपाची गाडी बोलतेय. कारखान्याने पुढे माझ्यासारख्या हजारो गाड्या काढल्या, पण मी त्या सगळ्यांच्या आधीची. माझा पत्रा लाकडी साच्यावर हातोडीने ठोकून घडवला. माझ्या आसनांचं चामडं डेल्फिनाने शिवलं, आणि मला पहिल्यांदा रस्त्यावर नेलं तिच्या नवऱ्याने, इलारियोने. नव्या गाड्या चालवून त्यांच्यातले दोष हुडकणं हेच त्याचं काम.

"हिचा ब्रेक माझ्यासारखाच आहे," तो इंजिनिअरांना सांगायचा. "बायको ओरडल्याशिवाय लागत नाही!"

मग एका ऑक्टोबरात, धुक्यात, टेकडीवरच्या वळणावर माझ्या स्टिअरिंगचा दांडा तुटला. मी खाली कोसळले. इलारियो गेला. मी उरले.

मला पुन्हा उभं केलं, जाड दांडा बसवला. कोर्रादो नावाचा नवा चालक आला. पण ते वळण आलं की माझा वेग आपोआप पडायचा. कोर्रादो जोर लावायचा, इंजिन किंचाळायचं आणि मी रेंगाळायचे. कसं सांगू? ब्रेकवर आणखी एक पाय असायचा. तो मला ओळखीचा होता.

इंजिनिअरांनी मला पुरतं खोलून पाहिलं. काही सापडेना. साहेब वैतागले. हिला मोडीत काढा, नव्याने सुरुवात करा, असं ठरत आलं.

हे डेल्फिनाच्या कानावर गेलं. जेवणाच्या सुट्टीत ती एप्रनसकट येऊन माझ्यात बसली.

"कोर्रादो, मला तिथे ने."

"वहिनी, दुसरं काहीही सांगा. मला भीती वाटते."

"भूत माझ्या नवऱ्याचं, आणि घाबरतोस तू? चालव मुकाट्याने!"

वळण आलं. माझा वेग पडला. कोर्रादो पांढराफटक. डेल्फिनाने माझ्या दारावर हात ठेवला.

"इलारियो, दांडा जाड बसवलाय. मी बघून आलेय. आता पुरे झालं रे. किती सांभाळशील हिला? घरी चल."

ब्रेक सुटला. मी सर्रकन वळण पार केलं.

 परतताना ती दाराकडे अंग चोरून बसली, शेजारी कोणाला तरी जागा द्यावी तशी. कारखान्यापाशी उतरल्यावर दार लगेच लावलं नाही. धरून उभी राहिली, मग हळूच लोटलं.

तो पाय मला पुन्हा कधी लागला नाही. माझी धाकटी भावंडं जगभर गेली, मग त्यांचं निघणंही थांबलं. मी आता संग्रहालयात, दोरीपलीकडे उभी आहे. तुम्ही आलात तर खुशाल फोटो काढा. पण तुरीनमध्ये कुठे डेल्फिना भेटलीच, तर माझ्यासाठी एवढं विचारा, तो घरी पोचला का?

कारण दार लागलेलं मला आठवतं. त्या दारातून तिच्याखेरीज कोणी उतरल्याचं मात्र आठवत नाही.