भिंतीपलीकडची नर्स

सूनबाईला सोमवारपासून शब्दकोशाच्या कचेरीत रुजू व्हायचं होतं. संपादकबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "घरून काम पुष्कळ झालं. येणार असशील तर ये, नाहीतर कोशातली तुझ्या वाट्याची अक्षरं दुसऱ्या कुणाला देते." आणि इकडे तिची तान्ही ठमी आजीच्या हातून दुधाचा थेंब घ्यायला तयार नव्हती. बाटली जवळ आली की ओठ मिटायची, मान फिरवायची आणि असा टाहो फोडायची की शेजारीण येऊन विचारायची, सगळं ठीक आहे ना.

"आजोबांवर गेलीय," सासूबाई म्हणायच्या. "त्यांनाही दुसऱ्याच्या हातचं चालायचं नाही. माझा जन्म गेला त्यापायी."

त्या दुपारी सूनबाईने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. पुढ्यात 'नर्स' हा शब्द होता. रोजचाच, दवाखान्यात जाऊन आलेलं पोरसुद्धा त्याचा अर्थ सांगेल. पण मुळाशी गेल्यावर तिला गंमत वाटली. पोसणे, अंगावर पाजणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून निघालेला हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा इंजेक्शनशी काही संबंध नव्हता. नर्स म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला दूध पाजणारी बाई. मग लेकरू सांभाळणारी, आणि पुष्कळ उशिरा आजाऱ्याची शुश्रूषा करणारी. पुढे तर लोक मनातला रागही नर्स करू लागले, आपण अढी जोपासतो तसा.

नोंद लिहून झाली आणि तिने ती मोठ्याने वाचायला घेतली. कोशाची शिस्तच होती, वाचताना जीभ अडखळली तर नोंद पुढे पाठवायची नाही. वाचनाच्या भरात तिचा आवाज चढला. बाहेर ठमीने भोकाड पसरलं.

सासूबाई दार ढकलून आत आल्या. खांद्यावर दूध सांडलेलं. "एक बोलू? राग नाही ना येणार?"

"बोला ना, आई."

"आत्ता कुठे बाटलीला तोंड लावलं होतं तिनं. तुझा आवाज आला आणि संपलं. रोज हेच. वाढलेलं ताट समोर असताना शिदोरी कोण सोडतं?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुमच्या कामात मंत्रासारखं म्हणावंच लागतं."

सूनबाई वरमली. ठमी रडली की ती धावत जायची, पोर छातीशी येताच गप्प व्हायची, आणि हिला आतून बरं वाटायचं. 'माझ्याशिवाय कुणाकडून पीतच नाही हो,' अशी तक्रार मैत्रिणींकडे करताना तिच्या चेहऱ्यावर हसू असायचं. काम हातचं जायची वेळ आली तरी ते हसू काही सुटत नव्हतं.

तिने कागद पुढे केला. "आई, तुम्हीच वाचा. बाहेर, तिला घेऊन. मी चकार शब्द काढत नाही."

दार लागलं. ती भिंतीला टेकून बसली.

"नर्स," पलीकडून आवाज आला. "ऐकतेस ना गं भवाने? दुसऱ्याच्या लेकराला दूध पाजणारी बाई. दुसऱ्याच्या कसलं? माझ्या लेकाचं लेकरू आहे हे. सूनबाई, चुकलंय हो तुझं."

सूनबाईने ओढणी तोंडात कोंबली. ठमी रडतच होती. सासूबाई पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या, लॅटिनवर अडखळल्या, फ्रेंच त्यांनी सरळ गाळलं. "बघ, तुझ्यापायी आजी शिकली, पण तू काही तोंड उघडायची नाहीस." रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं. मग तेही थांबलं, आणि चुटुचुटु आवाज येऊ लागला.

सूनबाईला पान्हा फुटला. कपडे भिजले. ती उठली, कडीपर्यंत गेली. माझी वाट बघत असेल, असं मनात आलं. पण तिकडे तर कुणी वाट बघत नव्हतं. ती उभ्याउभ्याच घोट ऐकत राहिली.

बऱ्याच वेळाने सासूबाई कुजबुजल्या, "झोपली. ये, पण बोलू नकोस."

ठमी आजीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून पडली होती. ओठाच्या कडेला दूध. सूनबाई शेजारी बसली.

"सोमवारी डबा नेशील ना?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईने मान तेवढी डोलावली.