शेठजी शुद्धीवर येईपर्यंत

आमच्या ह्यांचं हृदय थकलंय, गाणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कापडवाल्या शेठजींनी घरी बैठक ठेवली आणि हे निघाले. पेटीची साथ माझी, म्हणून मीही गेले. नाहीतर दारात आडवीच पडले असते.

सूफी गाण्यात एक रीत आहे. एखादी ओळ ऐकून कुणाचं भान हरपलं, तर तो शुद्धीवर येईपर्यंत गायकाने तीच ओळ गात राहायची. मध्येच सोडली तर त्याचा जीव जातो म्हणे. असं मेलेलं कुणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

ह्यांनी ओळ धरली, 'त्याच्या दारी मरण यावं, नवरीसारखं मला न्यावं.' शेठजी 'हाय' म्हणत गालिच्यावर आडवे झाले. पाहुणे गहिवरले. हे गातच राहिले. ओठ निळे पडले, हात छातीवर गेला, तरी ओळ सुटेना. शेठजींची मान मात्र तालात हलत होती. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवावर प्रेम शेठजींनी करायचं आणि मरायचं माझ्या नवऱ्याने?

मी पेटीचा भाता बंद केला. ह्यांचा आवाज एकटा पडला आणि धापेत विरला.

"वहिनी, शेठजींचा जीव जाईल," तबल्यावरचे दीर कुजबुजले.

"जाऊ दे की. देवाकडेच जायचंय ना त्यांना?"

शेठजींनी एक डोळा उघडला. मग उठून बसले, शाल सावरली आणि पाणी मागितलं.

जिन्यात हे माझ्यावरच उखडले. "शेठजींचं सोंग मला कळत नव्हतं? मी त्यांच्यासाठी गात नव्हतो. मी त्याच्या दारी निघालोच होतो, तू मागे ओढलंस."

म्हणजे रीत हे नुसतं निमित्त होतं. सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ह्या देवाशी कुठे जाऊन भांडायचं?

"आणि मी?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं. प्रेम आहे ते."

मी पर्समधली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मग हे काय आहे, ते सांगा."

गोळी त्यांनी पाण्यावाचून गिळली, माझ्यावरच उपकार केल्यासारखी.