तिसऱ्या नांगरटीचा वास

मी आता सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. गेल्या जानेवारीत, म्हणजे सत्त्याण्णव साली, पोपटीच्या जाळाभोवती बसलेल्या मंडळींचा बसला नाही, तुमचा बसायचंही कारण नाही. पण ऐका.

आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला. भात कापलं की त्याच ओलीवर वाल. बाकीचे लोक नांगर घालून वाल पेरतात. आमच्या आईच्या, बायजाबाईच्या, तुकड्यात नांगर कधी शिरलाच नव्हता. अणकुचीदार काठीनं धसकटांमध्ये भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, टाचेनं दाबायचं. आणि वर्षभर आई डोक्यावरून टोपल्या आणायची. शेण, राख, कुजका पाला. "ह्या मातीला उलथायची नाय," म्हणायची, "माझं समदं हिच्या पोटात ठेवलंय." एक्क्याऐंशी साली आई गेली. तिची रीत वहिनीनं, कृष्णाबाईनं, पुढे चालवली.

पोपटी त्याच तुकड्यात लावली होती. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून मडकं उपडं घातलेलं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. दिवस नुकताच बुडला होता. महिपतीदादा, माझा थोरला भाऊ, बांधाला टेकून गप्प. तो त्र्याण्णवपासून गप्पच असतो. वहिनी काटक्या सारत होती. शेजारचा हरेश कंपनीतली शिफ्ट करून तसाच आलेला.

"जनूकाका, ह्यो तुकडा असा खाली का बसलाय?" त्यानं विचारलं. "बाकीच्यांचे बांध गुडघ्याला, तुमचा कमरंला."

झालं. मला तेवढंच हवं होतं.

"त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर," मी म्हणालो, "दादानं नागोठण्याहून भाड्यानं ट्रॅक्टर आणला. भोकं पाडून वाल लावणं म्हणजे अडाणीपणा, म्हणाला. वहिनी तीन दिवस बोलली नाही. बियाणाचे वाल फडक्यात बांधून बांधावर बसून राहिली. ओल आहे तोवर वाल मातीत गेला पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं."

मी दादाकडे पाहिलं. तो जाळाकडे बघत होता.

"पहिल्या नांगरटीला मागे एकही बगळा आला नाही. नांगरामागे बगळे येत नाहीत असं कधी पाहिलंयस? सगळे बांधावर रांगेत उभे, एक पाय वर, आणि खाली उतरायला तयार नाहीत. भर दुपार. वारा पडलेला. आणि तासांमधून, फाळानं पाडलेल्या चरांमधून, वास यायला लागला. गेल्या वर्षीच्या पेंढ्याचा."

"कुजका पेंढा असंल."

"दुसऱ्या नांगरटीला वास आला जळक्या राबाचा. हरेश, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, ती राबाची रीत आम्ही सोडून दहा वर्षं झाली होती. दादानं बिडी पेटवायला तासात वाकून काडी ओढली. विझली. दुसरी विझली. उभा राहिला तर पेटली. गुडघ्याखाली आग जगत नव्हती."

हरेश हसला नाही. त्यानं पाय थोडे जवळ घेतले.

"तेवढ्यात माती तपासत हिंडणारा एक साहेब आला. त्यानं चुन्याच्या निवळीचे दोन पेले मागितले. एक बांधावर ठेवला, एक तासात, आणि दोन्हींवर बादल्या उपड्या घातल्या. ह्या मडक्यासारख्या. तासाभरानं उचलल्या तर बांधावरच्या पेल्यावर नुसती साय, आणि तासातला पेला दुधासारखा. साहेब म्हणाला, पालापाचोळा मातीत मुरतो आणि माती तो पोटात धरून बसते. उलथली की हवा आत शिरते, डोळ्याला न दिसणारे जीव ते खातात, आणि सगळं वर निघून जातं. चूलच पेटलीय म्हणा, फक्त जाळ दिसत नाही."

"मग थांबायचं ना!"

"थांबणार होता. पण तिसरी नांगरट झाली आणि आईचा वास आला."

पेंढा तडतडला. वहिनीचा हात काटकीवर थांबला.

"मशेरीचा. आणि त्याखाली तिच्या टोपलीचा, घामाचा, ओल्या लुगड्याचा. मरून बारा वर्षं झालेली बाई तासातून वर येत होती. दादाच्या तळपायांना ऊब लागली, चुलीपुढे बसवून ती पाय शेकायची तशी. त्यानं डोळे मिटले. साहेबानं विसरलेली बादली जमिनीवर उपडी होती. ती हळूच वर उचलली जायची आणि खाली बसायची. उचलली जायची आणि खाली बसायची. झोपलेल्या माणसाची छाती असते ना, तशी."

"बादली?"

"बादली. देवाशप्पथ."

"तळपायांना ऊब लागली ते तुमाला काय ठावं?"

"दादानंच सांगितलं," मी म्हणालो.

दादानं मान वर केली नाही.

"मग त्याला चटकच लागली. दुपार झाली की तासात जाऊन उभा. पण वास रोज थोडा विरळ व्हायचा, आणि जमीनही रोज थोडी खाली जायची. काळी माती विटकरी झाली. हातात घेतली तर राखेसारखी बोटांतून गळायची. वहिनीच्या फडक्यातले वाल तसेच. ओल उडत होती. वहिनी म्हणाली, अजून वरवर ओल हाय, आज टोचते, निम्मे तरी धरतील. दादा म्हणाला, नाही. अजून खोल गेलं तर आई आणखी वर येईल. चौथी नांगरट. फाळ पार खाली सोडून."

"म्हंजे जे व्हतं ते समदं संपलं असतं."

"समदं. माती आणि आई, दोन्ही." मी आवाज खाली घेतला. "ट्रॅक्टर सुरू झाला. बगळे उडाले. बादली धापा टाकायला लागली. आणि तेव्हा, हरेश, मी धावलो. चाकापुढे आडवा झालो. म्हणालो, घाल माझ्यावरून, पण आईला असं उधळू नकोस! चाक इथे, ह्या बरगडीपाशी येऊन थांबलं."

हरेशनं तोंड उघडलं होतं. मला वाटलं, जमली गोष्ट.

वहिनी उठली. तांब्यातलं पाणी तिनं मडक्यावर शिंपडलं; चर्र झालं. पोपटी शिजली होती. तीन वर्षं ह्या तुकड्यात शेंग धरली नव्हती. तीन वर्षं तिनं एकटीनं टोपल्या वाहिल्या, काठीनं भोकं पाडली, आणि यंदा पहिल्यांदा मडकंभर निघाल्या होत्या. तिनं काठीनं निखारे बाजूला केले, मडकं सुलटं करून त्यातला पाला काढला. वाफेबरोबर ओव्याचा वास आला आणि त्याच्या मागून, अगदी हलका, मशेरीचा. हरेशनं मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पहिल्या मूठभर शेंगा वहिनीनं दादाच्या हातात दिल्या. मग माझ्याकडे वळली.

"बादलीचं खरं हाय," ती म्हणाली. "वासाचंबी खरं हाय. पन बाकी खोटं बोलताव, भावजी. तुमचे दादा ह्या बांधावर बसून रडत व्हते. चाकाम्होरं मी आडवी झाले व्हते. ट्रॅक्टरवर तुम्ही व्हता."