दाराशी विचारलेला प्रश्न

दवाखान्यांत एक चमत्कारिक रीत पडली आहे. आजार खाटेवरच्या माणसाचा, पण विचारायचं दाराशी उभं असलेल्याला! आपल्या या डॉक्टरांनीही तेच केलं आणि वकिलाची नोटीस ओढवून घेतली.

अतिदक्षता विभागामागच्या खोलीत ते खुर्चीत अक्षरशः कोसळले होते. डोळे चुरचुरत होते, चहा पार गारढोण झाला होता. समोर बसले होते रुग्णालयाचे म्हातारे वकील.

"जीव वाचवला म्हणून माझ्यावर दावा?" डॉक्टर वैतागले. "कमालच आहे!"

"नको म्हटलेलं केलंत म्हणून दावा," वकील म्हणाले. "मास्तरीणबाईंनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

डॉक्टरांना सगळं आठवलं. निवृत्त मास्तरीणबाई, फुप्फुसं पार कामातून गेलेली. दाखल होतानाच त्यांनी लेकीसमोर बजावलं होतं, सही करून लिहूनही दिलं होतं, "त्या नळीचे हाल मी भोगलेत. आता पुन्हा श्वासाचं मशीन लावायचं नाही. धाप लागली तर त्रास तेवढा कमी करा." डॉक्टरांनी मान डोलावली होती. मग बाईंची शुद्ध हरपली आणि परगावाहून आलेल्या मुलाने दाराशी आकांत मांडला, "काहीही करा, पण आईला वाचवा!" आईनं नको म्हटलंय, असं लेक कळवळून सांगत राहिली. डॉक्टरांनी नळी घातली, आणि काही दिवसांतच लेकीच्या वकिलाची नोटीस आली.

"मुलगा कोर्टात खेचेल, अशी धास्ती वाटली हो," डॉक्टर हळूच म्हणाले.

"म्हणजे जो ओरडला त्याचं ऐकलंत! अहो, शुद्धीत असताना माणूस सांगून ठेवतो ते कशासाठी? पुढे आपल्याला बोलता येणार नाही म्हणूनच ना? त्याचा नकार डावलून त्याच्या अंगाला हात लावला, तर कायदा त्याचा जाब विचारतो. बरं, कायदा राहू दे. बाईंना एकदा नीट बघून तरी या."

डॉक्टर जड पावलांनी उठले. बाई आता शुद्धीवर आल्या होत्या. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलं होतं. अरे देवा! हे आपण केलं!

त्यांनी मुलाला आणि लेकीला आत बोलावलं आणि सर्वांदेखत विचारलं, "बाई, मशीन काढू? काढलं तर तुम्ही जगणार नाही, हे ठाऊक आहे ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

मुलाने आईचा तो बांधलेला हात हातात घेतला. "मला वाटलं, मी तिच्यासाठीच भांडतोय," तो म्हणाला.

आणखी एका डॉक्टरांना बोलावून बाईंच्या इच्छेची खात्री करून घेतली. धाप जाणवू नये असं औषध दिलं, पट्ट्या सोडल्या, नळी काढली. बाईंनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. मग घोगऱ्या आवाजात डॉक्टरांना म्हणाल्या, "सांगितलं होतं ना रे तुला."

संध्याकाळी त्या गेल्या. दोन्ही मुलं उशाशी होती.

"लेक नोटीस मागे घेणार नाही म्हणते," वकिलांनी नंतर सांगितलं.

"नका घालू तिची समजूत," डॉक्टर थकून म्हणाले. "चूक माझी आहे. कोर्टात तसंच सांगा."

मंडळी, आपल्या माणसावर माया असेल तर तो बोलू शकतो तेव्हाच त्याला विचारा, आणि त्याचं बोलणं खुंटलं की त्याचाच शब्द पाळा. डॉक्टरांनो, तुम्हीही पाळा! कोर्ट फार तर भरपाई देईल. पण मास्तरीणबाईंचे खाटेला बांधलेले ते दिवस त्यांना कोण परत देणार?