मान हलू नये म्हणून

आईच्या मेंदूतली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा घरात जो तो आपापलं काम शोधू लागला. दादानं औषधांचे कागद उचलले, वहिनीनं आईचं उठणंबसणं. माझ्या वाट्याला गाणं आलं. यायलाच हवं होतं. आईनं घडवलेला गळा घरात एकच, तो माझा.

किरण देण्याआधी आईच्या चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवत आणि तो टेबलाला पक्का अडकवत. डोकं केसभरही हलता कामा नये. दहा मिनिटं त्या खोलीत दुसरं कुणी थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी आईचा जीव कासावीस झाला. म्हणून इस्पितळातल्या संगीतोपचाराच्या बाई आल्या.

"गाण्यानं गाठ जात नाही," त्या म्हणाल्या, "पण भीती जरा हलकी होते. घरातल्या कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड करून आत लावू या."

"मग काय, आमची कोकिळा आहेच," दादा म्हणाला.

मी आईचं लाडकं पद म्हणून दिलं, तिनंच शिकवलेली एकेक जागा घेऊन. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला मशीन थांबलं. तंत्रज्ञ बाहेर आला. "आजी मान हलवतायत." पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं.

बाईंनी आईला विचारलं. आईचे शब्द आता सावकाश येत. "जागा... चांगली घेते ती. मान... डोलतेच."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "घरी कशानं शांत वाटतं?"

आईनं वहिनीकडे बोट केलं.

वहिनी आईची वेणी घालताना प्रार्थना पुटपुटते. चार ओळी, सगळ्या एकाच पट्टीत, आणि तिसरी दर वेळी खाली घसरलेली.

"वन्सं, मला कुठं गाता येतं? तुम्हीच सांगा बाईंना."

"सांगून झालंय," मी म्हटलं.

तरी तिचंच लावलं. मागे नळाची धार ऐकू येत होती. आई दहा मिनिटं निश्चल पडून राहिली.

"बेसूर ऐकून गोठली असेल," दादा म्हणाला. सगळ्यांत जास्त वहिनीच हसली. तीस वर्षं रियाज करून मी ज्या पायरीवर पोचले, तिथं ही केर काढता काढता वर जाऊन बसली होती.

आठवडाभर मी कढत राहिले. मग वहिनीचीच प्रार्थना मी म्हणून दिली, तिच्यासारखी सपाट, तिसरी ओळ मुद्दाम पाडून. ती लावू का, असं बाईंनी आधी आईला विचारलं. आईनं हो म्हटलं.

मिनिटभरात मशीन थांबलं. आई हसत होती.

मुखवटा निघाला तेव्हा तिच्या गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. "मोजून... घसरलीस गं तू," ती म्हणाली.

मी वहिनीकडे बोट केलं. "आणि ही?"

"ती गातच नाही. देवाशी बोलते. मी... ऐकत पडते."

देवाच्या दारी सूर मोजत नाहीत, हे आईनंच मला लहानपणी सांगितलं होतं. तेव्हा ते दुसऱ्यांबद्दल आहे असं मी धरून चालले होते.

उरलेले सगळे दिवस वहिनीचाच आवाज आत गेला. शेवटच्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर आम्हा दोघींच्या मध्ये बसली आणि मला म्हणाली, "आता म्हण. इथं... मान मोकळी आहे."

मी तिचं पद म्हटलं. जागेजागेला तिची मान डोलली. समोरच्या माणसानं वर्तमानपत्र खाली घेतलं. दाद सगळी माझी होती. पण आईचा हात वहिनीच्या मांडीवर होता. दुसरं कडवं मी त्या हाताकडे बघत म्हटलं, आणि एक जागा हुकली.

आईची मान थांबली.

"वन्सं, इथं तुम्ही नेहमी वर जाता," वहिनी हळूच म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं ही आतल्या खोलीतून ऐकत होती तर. मला एकदाही कळलं नव्हतं.

मी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.